धायरीचं तापमान

पेपरात शिवाजीनगर छापतात, पाषाण, लोहगाव.
धायरीचं कोण छापणार?
म्हणून गॅलरीत खिळा, खिळ्याला काचेची नळी
आणि सकाळी सात, दुपारी अडीच,
दोनशे पानी वहीत माझं अक्षर.
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मुलांचे आकडे तपासले,
आता आकडे माझे.

आज चष्मा पुसून बघते तर
लाल रेघ तुटलेली.
अठरापाशी फट, तांदळाच्या कणीएवढी,
वर एक तुकडा, मग पुन्हा फट
आणि अगदी टोकाला एक ठिपका,
शेवटची पीएमटी चुकलेल्या माणसासारखा.
त्या ठिपक्यावर विश्वास ठेवून मी लिहीत होते.
त्यातले तीन अंश म्हणजे नुसतं काहीच नाही.

"पारा तुटला?" हे म्हणाले.
पारा नव्हे. पारा असता तर जवळ येऊ दिलं नसतं.
हे रंगवलेलं स्पिरिट.
"मग टाक की. रविवार पेठेत दीडशेला नवा मिळेल."
मिळेल. त्याची खोड ओळखायला
आणखी चार वर्षं कुठून आणू?

बर्फ रसवंतीच्या ढमढेऱ्यांकडचा, भुश्श्यासकट.
खडेमीठ निम्मी बरणी,
पॉटचं आइस्क्रीम करताना आई घालायची त्याच हाताने.
फुगा बुडवला, नळी उभी धरली.
रेघ उतरते: वीस, बारा, शून्य,
मग शून्याखाली,
जिथं धायरी कधी गेली नाही, जायची नाही.
सगळा लाल फुग्यात परत यायला हवा,
ठिपक्यासकट.
तुकडा आला. ठिपका येईना.

टॉवेलाची चौघडी, तिच्यावर मनगट टेकून
हळू टकटक,
झोपलेल्याला उठवताना खांद्यावर करतो तशी.
पुन्हा बर्फ. पुन्हा टॉवेल.
बोटं माझी राहिली नव्हती.
हे घड्याळ धरून उभे,
कुणी सांगितलं नसताना.
सातव्या खेपेला उतरला.

मग नुसतं उभं ठेवायचं आणि वाट बघायची.
रेघ चढली, सलग.
भिंगाने सांधा शोधला.
द्रवाला शिवण नसते.

वितळत्या बर्फात: शून्याच्या केसभर वर.
हा दोष जन्माचा, पहिल्या पानावर नोंदलेला आहे.
उकळत्या पाण्याच्या वाफेत: अठ्ठ्याण्णव.
दर वर्षी नवी मुलं तक्रार घेऊन यायची,
मॅडम, शंभर येत नाही, थर्मामीटर खोटाय.
खोटा नाही रे. पुणं उंचावर आहे.

आता प्रश्न, तुटली कधी?
वही मागे चाळली.
पेपरापेक्षा आम्ही कायम एक अंश गार,
वीस फेब्रुवारीपासून एकदम दोन अंश गरम.
एकोणीसला मी सासवडला, मालूताईकडे.
त्या दिवसाचं अक्षर यांचं.
सात: सोळा. अडीच: एकतीस.
खाली एक आकडा खोडलेला,
उजेडाला धरला तर दिसतो: एकोणचाळीस.
फेब्रुवारीत?

विचारलं.
घड्याळ पुसत राहिले बराच वेळ.
"तापाचा सापडेना. म्हणून हा काखेत धरला.
तुला कळवलं असतं तर उठून आली असतीस."
आणि नंतर झटकला,
तापाचा झटकतात तसा.

विसापासून आजपर्यंत
प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीची रेघ ओढली. शंकास्पद.
एकोणचाळीसला मात्र पेन घेतलं
आणि खोडलेल्याशेजारी पुन्हा लिहिला:
नोंद बरोबर. धायरीची नव्हे.

तोवर यांनी पातेल्यात साखर टाकलेली.
प्रयोगाचं पाणी पीत नाहीत, म्हटलं.
"दोन कप होतं," म्हणाले,
"गॅस काय फुकट येतो?"